तिसऱ्या बटणापाशी

२ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. कुणी गेलेलं नाही. मी बरी आहे, दुकान चालू आहे, गुडघा त्याच्या मर्जीने वागतो. तुझे अहो पेपरातली बातमी स्वतः वाचून झाल्यावर अजून तुला पहिल्यापासून वाचून दाखवतात का? दाखवत असतील तर त्यांचीही प्रकृती उत्तम असं धरून चालते.

विशेष बातमी अशी की मी स्पॅनिश शिकते आहे. हसून झालं की पुढे वाच.

छापखान्याच्या वरच्या खोलीत एक मास्तर शिकवतात. जन्मभर मालवाहू बोटींवर बिनतारी यंत्र सांभाळलं, त्यामुळे समोरचा माणूस दोन समुद्र पलीकडे आहे अशा बेताने बोलतात. खाली छपाई सुरू झाली की जमीन थरथरते, फळा थरथरतो आणि आमची क्रियापदंही थरथरतच बाहेर पडतात. वर्गात मी, परदेशी नोकरी पाहणारी एक नर्स आणि एक निवृत्त साहेब. साहेब भाषा शिकायला येत नाहीत, तिची तपासणी करायला येतात. 'बोलणे' या क्रियापदात सुरुवातीला एक ह लिहायचा पण म्हणायचा नाही, हे कळल्यावर ते उठूनच उभे राहिले.

"म्हणायचा नाही, तर ठेवलाय कशाला?"

"राहू द्या हो," मास्तर म्हणाले. "तुम्हालाही ऑफिसात इतकी वर्षं ठेवलंच ना?"

नर्सला ठसका लागला. मला मात्र त्या ह ची दया आली. घरात असावं, कागदोपत्री असावं आणि कुणी नाव काढू नये. असो.

मास्तर फक्त नियमित क्रियापदं शिकवतात. अनियमित पुढे आयुष्यात भेटतीलच, म्हणतात, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग कशाला. पद्धत सोपी आहे. क्रियापदाचं शेपूट कापायचं आणि सहा जणांसाठी सहा नवी शेपटं जोडायची: मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. म्हणजे आपलं अल्टरेशनचंच काम. कापड एक, माप ज्याचं त्याचं. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी बोलते इथपासून ते बोलतात इथपर्यंत.

शर्टालाही सहाच बटणं असतात हे माझ्या लक्षात आलं आणि माझा अभ्यास दुकानात सुरू झाला. कॉलरखालचं बटण 'मी', त्याखालचं 'तू', असं उतरत जायचं. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला की क्रियापद संपलं. याचा एकच तोटा. मला कुठलंही रूप मधूनच सांगता येत नाही. मास्तरांनी 'ते बोलतात' विचारलं की माझा हात आधी स्वतःच्या गळ्याशी जातो आणि ब्लाउजच्या बटणांवरून खाली उतरत येतो. साहेब तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. इस्त्रीची वाफ वर चढते, उन्हाचा पट्टा बाकावरून सरकत मशीनपर्यंत येतो आणि मला डुलकी लागते. परवा त्या डुलकीत दांडीवर टांगलेले सगळे शर्ट एका सुरात म्हणायला लागले. डोकी नव्हती, तरी चुका नव्हत्या. वर्गापेक्षा बरंच. मी डोळे उघडले तरी ते थोडा वेळ म्हणतच होते, मग वारा पडला.

का शिकते असं विचारशील. मेंदूला गंज चढू नये म्हणून, असं समज.

तुझी
ताई

२३ जून

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. "ताई, चळ लागलाय का? खरं कारण सांग. गंजबिंज नको." माझ्या तोंडची भाषा तू कधी उचललीस कुणास ठाऊक. आपण दोघी एकाच कात्रीने कापलेल्या, दुसरं काय.

खरं कारण फोनवर सांगणार होते. पण फोनवर त्याचं नाव काढलं की तुझ्याकडे दूध उतू जातं. दोनदा तर तू बसमध्ये होतीस, तरी गेलं. पत्रात दूध नाही. फार तर फाडशील. फाडण्याआधी वाच.

दादाला झटका आला. पावसाळ्याच्या कितीतरी आधी, थंडी सरतानाच. मला कळलं ते वहिनीच्या निरोपाने. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नव्हती, तेव्हा मध्ये फोनमधलं यंत्र. यंत्राने लिहिलं: "आदरणीय नणंद, आपला बंधू पडला आहे. त्याचे शब्द बाहेर गेले आहेत. आम्ही दार उघडे ठेवले आहे." मी आधी हसले, धाकटे. खरंच हसले. मग खुर्ची शोधली.

उजवा हात गेला होता, तो अर्धामुर्धा आला. चालतो, काठी घेऊन. शब्दही थोडे परतले, पण सगळे तिकडचे, स्पॅनिश. इकडचा एकही नाही. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी, एक भाषा आधी घरी येते, दुसरी मागाहून, किंवा नाहीच.

मी फोनवर त्याच्यासमोर बसले. त्याचे केस पांढरे झालेत, आईसारखे, कानाच्या वरून सुरुवात करून. म्हटलं, "दादा, मी. ओळखलंस का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, चुकून आपल्या दारात आलेल्या परक्या बाईकडे सभ्य माणूस पाहतो तसं. हसला. मग वहिनीकडे वळून हळूच काहीतरी विचारलं. ती ओशाळली. मी त्या यंत्राला विचारलं, काय म्हणाला? यंत्राला मन नसतं, त्याने सरळ सांगितलं: "या बाई काय म्हणत आहेत?"

झालं. दुसऱ्या दिवशी मी छापखान्याचा जिना चढले. तो आपल्या भाषेत परत येईल तेव्हा येईल. स्टेशनवर त्याची गाडी बघत बसण्याइतका माझा गुडघा चांगला नाही. मीच निघाले.

अजून फार लांब आहे मी. रस्त्यात धुकं आहे. कधी वाटतं शब्द समोर उभा आहे, हात लावायला जावं तर दुसऱ्याच कुणाचा निघतो. पण झोपेत मला सगळं येतं. झोपेत आपण तिघं बाकावर बसलेलो असतो, दादा हाफ पँटमध्ये, आणि तो भराभर स्पॅनिश बोलतो आणि मला अक्षर न् अक्षर कळतं. आई मशीनवरून मान न वळवता म्हणते, "बडबड कमी, हात चालवा." कुठल्या भाषेत म्हणते ते मात्र उठल्यावर आठवत नाही.

तुला काही करायला सांगत नाहीये. कारण विचारलंस, सांगितलं.

ताई

१४ जुलै

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं दुसरं कार्ड मिळालं. "वाचलं." एवढ्याशा मजकुरासाठी पोस्टमन जिना चढून वर आला, त्याला मी बसवून पाणी दिलं.

आता काल सकाळी काय झालं ते ऐक.

दर रविवारी मी दुकान बंद ठेवून बाकावर बसते, फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवते. आपल्या सकाळी त्यांच्याकडे दिवे लागलेले असतात. वहिनी दादाला आरामखुर्चीत आणून बसवते. आमचं संभाषण म्हणजे: तू कसा आहेस, मी बरी आहे, घर मोठं आहे, मांजर लहान आहे. मग दोघंही दमतो. वहिनीच्या आवाज-बाईंनी, म्हणजे दादाला बोलायला शिकवतात त्या बाईंनी, सुचवलं की ओळीने म्हणायच्या गोष्टी त्याच्याकडून म्हणवून घ्या. आकडे, वार. ओळीतले शब्द एकमेकांचा हात धरून बाहेर येतात म्हणे. मी म्हटलं, ओळीने म्हणायचं तेवढंच तर मला येतं!

पहिल्याच दिवशी घोटाळा. मी गळ्याशी हात नेऊन सुरू केलं: आब्लो, आब्लास. वहिनीला वाटलं मला उकडतंय आणि मी बटणं काढतेय. तिने दादाचे डोळे झाकले आणि मला पंखा लावायची खूण केली. मग खुलासा, मग हसू. 'तुम्ही'चं ते पाचवं रूप ऐकून तर ती आणखी हसली, त्यांच्याकडे ते कुणी वापरत नाही. म्हटलं, असू दे. शर्टाच्या आत एक जादा बटण शिवलेलं असतंच की.

पण दादा हसला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याचा डावा हात उठला आणि स्वतःच्या गळ्याशी गेला. पहिलं बटण. "आब्लो." दुसरं. "आब्लास." तिसरं. "आब्ला." आणि थांबला.

चौथं मी म्हटलं. तो म्हणेना. पुढच्या रविवारी 'शिवणे' घेतलं: कोसो, कोसेस, कोसे. तिसऱ्यावर थांबला. बाईंनी कागदावर लिहिलं, तिसऱ्यापुढे जात नाही. वहिनीचा चेहरा उतरला. मीही मनात म्हटलं, इथवरच आहे बहुतेक. तीन तर तीन.

काल मी 'गाणे' घेतलं. कशासाठी घेतलं ते विचारू नकोस, मास्तरांनी दिलेलं पुढचं तेच होतं. कांतो, मी गाते. कांतास, तू गातोस. कांता. हे ऐकून मला नेहमी कुणीतरी शेजारणीला हाक मारल्यासारखं वाटतं, त्यामुळे मी जरा हसत होते. दादाने बोट तिसऱ्या बटणावर ठेवलं. "कांता," म्हणाला. आणि माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या बाजूला पाहिलं. बाकाच्या रिकाम्या टोकाकडे. आणि मला म्हणाला, "ला चिकिता?"

धाकटी.

मी बाकावर हात टेकला, धाकटे.

तू लहान होतीस, पण विसरली नसशील. आई शर्ट कापून, शिवून आपल्या बाकावर टाकायची. पहिलं बटण दादाचं, दुसरं माझं, तिसरं तुझं. मग शर्ट परत दादाकडे, चौथं त्याचं, पाचवं माझं, सहावं तुझं. आणि तू टाके घालताना गायचीस. ओळ संपल्याशिवाय शर्ट सोडायची नाहीस. मी ओढायचे, तू घट्ट धरायचीस. मी म्हणायचे, "आई, ही बघ ना, गिऱ्हाईक दारात आहे!" आणि दादा मला म्हणायचा, "थांब गं, तिची ओळ होऊ दे." दर वेळी. दर शर्टाला.

तो अडकला नव्हता. बाईंचा कागद चुकला, वहिनी चुकली, मी तर सगळ्यात जास्त चुकले. तो तुझ्या ओळीसाठी थांबला होता.

माझ्याशी एवढे रविवार बोलला, पण मी कोण हे त्याने अजून विचारलेलं नाही. तुझी जागा मात्र त्याला ठाऊक आहे. मला थोडं लागलं, लपवत नाही. भाषा मी शिकायची आणि आठवण तुझी निघायची, याला काय म्हणावं!

मग त्याने विचारलं, "कांता?" गाते का? मला एवढंच कळलं आणि एवढंच उत्तर येत होतं. म्हटलं, "सी. कांता." हो. गाते.

खोटं बोलले. आई गेल्यापासून तू गायलेली नाहीस, हे मला माहीत नाही होय? तिच्या उशाशी तू गायचीस आणि ओळ संपली की ती विचारायची, "तो आला का गं?" आणि तू म्हणायचीस, "येतोय." येत नव्हता. विमान, रजा, कागद, त्याची कारणं त्याच्यापाशी, मी त्याची वकील नाही. तू रोज येतोय म्हणत राहिलीस आणि तिच्यामागे तुझा आवाजच बंद झाला. काल मी गाते म्हटलं आणि मला तुझं ते येतोय आठवलं. आपल्या घराण्याचा हा दुसरा धंदा दिसतो.

फरक इतकाच की तुझं येतोय आता खरं होणार नाही. माझं गाते अजून होऊ शकतं.

उत्तर ऐकून दादाने मान डोलावली आणि बोट बटणावर तसंच ठेवून बसून राहिला. ओळ ऐकायला. खिडकीबाहेर त्यांच्याकडे अंधार झाला, वहिनीने आणखी एक दिवा लावला, मांजर त्याच्या मांडीवर चढून झोपलं. माझ्याकडे ऊन मशीनपर्यंत आलं. दोन्ही खोल्या एकाच पाण्याखाली असल्यासारख्या वाटत होत्या. शेवटी वहिनीने त्याला उठवलं, तेव्हाही तो बोट काढेना.

शनिवारच्या बसने ये. स्पॅनिशची गरज नाही. त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस, माफबिफ करू नकोस, तुझा राग तुझ्या पदराला बांधून आण, मी गाठीला हात लावणार नाही. फोनकडे पाठ करून बसलीस तरी चालेल. एक ओळ. आवाज घोगरा झाला असेल, बसला असेल, तरी तीच. नाही आलीस तर मी पुढच्या रविवारीही सी म्हणेन, खोटं बोलायची सवय होते. त्याला थांबायची आहेच.

बाकाचं ते टोक मी पुसून ठेवलं आहे. शर्ट तुझ्यापाशी आलाय, धाकटे. मी ओढत नाही.

तुझी ओळ होईपर्यंत थांबलेली,
ताई