न चाखलेली चटणी

सोम. ५ जाने.
सौ.चं वजन पुन्हा उतरलं. नर्सबाईंनी काटा दोनदा पाहिला. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली असली तरी लाईट, म्हणजे किरणांची ट्रीटमेंट, पुरी घ्यायलाच हवी. आणि त्याच दमात म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर लाईट मध्येच थांबवावी लागेल, शरीराला झेपणार नाही. मी विचारलं, खायला काय देऊ? "त्यांना खावंसं वाटेल ते."
खावंसं काहीच वाटत नाही. भाताचा वास सोसत नाही. घरचा डबा उघडला की तोंड फिरवते.
सकाळी वसईहून दोघं निघतो. तिला हॉस्पिटलात सोडून मी फोर्टात हापिसला. जेवणाच्या सुट्टीत चालत तिच्याकडे. तोवर लाईट झालेली असते. मागच्या अंगणात पिंपळाखाली बाक आहे, तिथं बसतो. डबा मध्ये. दोघंही डब्याकडे बघत.

मंगळ. ६
आज नवल. डबा तिच्यासाठी राहू दे म्हणून स्वतःला एक सँडविच घेतलं, बँकेच्या पायऱ्यांशी उभा असतो त्याच्याकडून. काकडी, बटाटा, टोमॅटो, हिरवी चटणी. बाकावर बसून खात होतो. निम्मं झालं तेव्हा म्हणाली, "कसलं आहे, बघू." कागदातलं उरलेलं अर्धं घेतलं आणि सगळं खाल्लं. कडांसकट. बोटाला लागलेली चटणीही चाटली.
बोललो तर दृष्ट लागेल असं वाटलं.
येताना तिला घरी सोडून महादेवाच्या देवळात गेलो. गाभाऱ्यात कुणी नव्हतं. बोललो: हिच्या पोटात पुरतं जेवण जायला लागेपर्यंत मी दुपारचं अन्न घेणार नाही. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की नवसातलं बळ जातं, आई म्हणायची.

बुध. ७
त्याच माणसाचं सँ., अख्खं, तिच्यासाठी. एक घास. "नंतर खाते." नंतर ते कावळ्यानं खाल्लं.
"तुमचं जेवण?"
"हापिसात झालं."
खोटं बोललो. पण दुसरं काय सांगणार.

गुरु. ८
बँकेच्या पायऱ्यांशी गाडी नाही. शेजारचा केळेवाला म्हणाला, "गाँव गया, साले की शादी है. महिना तो लगेगा." महिना!
तिथेच उभा राहिलो. सुटाबुटातली माणसं चहूकडून येऊन आपापल्या गाड्यांपाशी उभी राहून खात होती. एवढी माणसं रोज जेवतात. माझ्या एका माणसाला घास जात नाही.

शुक्र. ९
पोस्टाच्या गल्लीतला. सौ. म्हणाली, पाव कोरडा आहे. एक घास.

सोम. १२
वजन आणखी खाली. थोडंसंच, पण खालीच.
आज चर्चगेटच्या बाजूला पार टोकापर्यंत गेलो. तिथला टोस्ट करून देतो. नेईपर्यंत गार, चिवट. तिनं दातानं ओढून बघितला आणि परत कागदात ठेवला, अलगद. मला वाईट वाटू नये म्हणून अलगद.

मंगळ. १३
चूक कुठे होते ते कळलं. मी चाखतच नाही. चटणी तिखट की सपक, लोणी ताजं की वास मारणारं, मला काय ठाऊक? डोळ्यांनी बघून सँडविच घेतो. आणि चाखू शकत नाही, नवस आहे. दुपारचं अन्न म्हणजे घासभरसुद्धा अन्नच.
फ्रान्सिसला सांगितलं, तू चाख. फ्रान्सिस आमच्या जावक विभागातला, वसईजवळच्या गासचा. पोरवयात एकाच शाळेत होतो. म्हणाला, "आणि तुला काय झालं? तोंड नाही?"
"उपास आहे."
"सोमवारी उपास, मंगळवारी उपास. तुझे देव तुला एक दिवस सुट्टी देतात की नाही?"
तरी आला. फुटपाथवर उभ्या उभ्या आधी क्रूस काढला, मग घास घेतला. डोळे मिटून चावतो. वकिलासारखा निकाल देतो. "पाव कालचा. पुढं चल."

बुध. १४
संक्रांत. वहिनीनं, म्हणजे दादांच्या बायकोनं, वाडीतले कंद, वाल, शेंगा घालून उकडहंडी केली. एरवी सौ. हंडीच्या तळाचं खरवडून खायची. आज अंगणातूनच वास येतो म्हणून आत जाऊन पडली. वहिनी मला म्हणाली, "भावजी, हिला जरा रागवा तरी." कुणाला रागवू?
तिळगूळ मात्र सगळ्यांना तिनंच दिला.

शुक्र. १६
फ्रा.नं पास केलेलं पहिलं सँ. काचेच्या मोठ्या इमारतीखालचा माणूस, स्वच्छ, सुरी पुसून घेतो. कडा काढून देतो. फ्रा. म्हणाला, "हे माझ्या आईला दिलं असतं तर ती उठून बसली असती." त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली.
धावत नेलं. सौ.नं दोन घास घेतले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरा घास गालात फिरत राहिला, फिरत राहिला. मग पदर तोंडाला लावला.
चटणी तिखट असेल.

शनि. १७
अर्ध्या दिवसाचं हापिस. त्याच माणसाला म्हटलं, चटणीत मिरची नको. तो म्हणाला, "काका, मिर्ची नहीं तो वो चटनी नहीं, घास है. घास खिलाऊँ क्या?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. हात जोडले. माणूस बरा, दुसऱ्या भांड्यात फक्त कोथिंबीर वाटून दिली.
सौ.: "चव नाही." एक घास.

सोम. १९
वजन खाली. डॉक्टर आज बसूनच बोलले, बसा म्हणाले. सोमवारी सुट्टी आहे, म्हणून पुढच्या बुधवारी काटा बघू. तेव्हाही उतरलेलं असेल तर लाईट थांबवू, सलाईनवर ठेवू, मग पुढचं पुढे.
पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
बाहेर येऊन सौ. म्हणाली, "एवढं काय. केळीला खत घालायचं राहिलंय, दादांना आठवण करा."

मंगळ. २१, नाही, बुध. २१
वारही कळेनासे झालेत.
काल आणि आज मिळून फोर्ट पालथा घातला. इराण्याकडचं मस्का लावलेलं. उडुप्याकडचं. एक पारशी बाई घरून करून विकते ते, अंड्याचं, सौ.ला अंडं चालतं. फ्रा. म्हणतो, "तुझ्यापायी माझी पँट होईना. बायको विचारते, हापिसात जेवणावळी आहेत का? आणि बाबा, पुढच्या महिन्यात आमचे उपासाचे चाळीस दिवस लागतील. मग मला बोलावू नको." तरी उद्या येतो म्हणाला.
सौ. प्रत्येकाचा एक घास घेते. मी समोर बसलेला असतो.
महादेवा, मी आणखी काय सोडू? चहा सोडू?

शुक्र. २३
फ्रा. आज माझ्याबरोबर हॉस्पिटलात आला. सौ.ला बघायचं म्हणाला. घरच्या झाडाची पपनसं आणली होती. बाकावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग हसत हसत:
"वहिनी, ह्याला जरा खायला घाला हो. दुपारभर नुसतं पाणी पितो आणि मला सँडविचं चारतो. कसले उपास ह्याचे, संपतच नाहीत."
सौ.नं माझ्याकडे पाहिलं.

शनि. २४
सकाळी विहिरीवर मी पाणी काढत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.
"महादेवाला बोललात?"
"हं."
"मला न विचारता?"
"विचारून नवस करतात का?"
"तुम्ही उपाशी आहात हे मला कधीच कळलं होतं. तोंडाला वास येतो उपाशी पोटाचा. वाटलं, पैशाची ओढाताण आहे म्हणून जेवत नाहीत. म्हणून विचारलं नाही."
मग म्हणाली: "या घरात आल्यापासून तुमच्याआधी घास घेतलाय मी कधी? तापानं फणफणले होते तेव्हाही पेज झाकून ठेवली होती, तुम्ही जेवून उठेपर्यंत. आणि आता तुम्ही उपाशी समोर बसता आणि माझ्या तोंडाकडे बघता. गिळायचं कसं?"
बादली तशीच काठावर राहिली.
त्या दिवशीचं आठवलं. अर्धं मी खाल्लं होतं आधी. उरलेलं तिनं घेतलं होतं. सँडविचात काही नव्हतंच. मी अख्ख्या फोर्टात पाव शोधत फिरलो.

रवि. २५
देवळात गेलो. गुरवबाबांना विचारलं, आडून, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ते समईची वात सारत म्हणाले, "नवस फेडायचा असतो. मोडला तर ज्याच्यासाठी केला त्याच्यावर येतं." म्हातारा माणूस, वाईट हेतूनं बोलला नाही.
नवस पाळला तर ती खात नाही. मोडला तर तिच्यावर येतं. दोन्हीकडून करणारा मीच.
पिंडीसमोर बराच वेळ बसलो. कौल म्हणावा तर बेलाचं पान खाली पडलं ते उजवीकडे की डावीकडे, नीट दिसलंही नाही. चष्मा घरी.

सोम. २६
सुट्टी. घरीच. दुपारी वहिनीनं दोघांची पानं वाढली. मी उठलो. सौ.ही उठली. वहिनी एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघते. "काय चाललंय तुमचं दोघांचं?"
सौ. मागच्या पडवीत येऊन म्हणाली, "नवस माझ्या नावानं केलात ना? मग सोडवायचा हक्कही माझा. महादेव काय एकट्या तुमचा आहे? मी पण सोमवार केलेत."
"तुझ्यावर आलं तर?"
"अजून काय यायचं राहिलंय?"
मी म्हणालो, असं बोलू नये. ती म्हणाली, "तुम्ही खाल तर मी खाईन. नाही तर उद्यापासून तो एक घाससुद्धा नाही." शांतपणे म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तसं.
संध्याकाळी पाहिलं, देवघरात पिंडीच्या फोटोपुढे सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, वाटी ठेवून ती बसलेली. ओठ हलत होते. काय बोलली ते सांगत नाही.

मंगळ. २७
फ्रा.ला आज बोलावलं नाही. त्यानं विचारलं, "निकाल लागला?" म्हटलं, नाही अजून.
बँकेच्या पायऱ्यांशी गेलो. गाडी परत आली होती! महिना कुठला, लग्न मोडलं म्हणे. तो नवऱ्या मुलाला शिव्या देत काकडी कापत होता. एकच घेतलं. कडा काढायला सांगायचं राहून गेलं.
बाकावर सौ.नं कागद सोडला. दोन तुकडे होतेच. एक माझ्या गुडघ्यावर ठेवला. दुसरा कागदातच.
"तुम्ही आधी."
हातात धरून बसून राहिलो. पलीकडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ डब्यातून भात खात होते. त्यांच्या सुनेनं आमच्याकडे दोनदा पाहिलं. सौ. वाट बघत होती. तिची मनगटं किती बारीक झालीत. बांगड्या कोपरापर्यंत जातील.
मनात म्हटलं, महादेवा, बोलणारा मी होतो. यायचं ते माझ्यावर येऊ दे, हिच्याकडे वळू नकोस. तुकडा कपाळाला लावला आणि घास घेतला.
चटणी जाळ होती. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, खोकला लागला.
"मिरची लागली?" ती म्हणाली. हसली. किती दिवसांनी. "मला रोज हेच घालत होतात."
पाणी दिलं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ती बघत होती, मी गिळलं की नाही ते, लहान मुलाचं बघतात तसं. माझा तुकडा संपला तेव्हा तिनं कागद स्वतःकडे ओढला.
मी तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच. वर पिंपळाकडे बघत राहिलो. शेजारी कागद वाजत होता. थांबला. पुन्हा वाजला.
वजन उद्या.