भिंगावरचं झाकण

सोमवार, ३
अखिल मानवजातीने नोंद घ्यावी! आमच्या नेमबाजी क्लबात मोठ्या दुर्बिणीच्या भिंगावर झाकण ठेवण्याची सुबुद्धी एकालाही नाही. आज भिंतीवर सूचना डकवली — ‘वापरानंतर भिंग झाकावे ही नम्र विनंती.’ क्लबाचा मिस्त्री म्हणाला, “साहेब, ‘नम्र’ तेवढं काढा. कुणाला पटायचं नाही.” दादा खो खो हसला. थोरला भाऊ, त्यातून नेमबाजीतला गुरू — बोलायची सोय नाही.

रविवार, ९
अपमान! तोही सहाशे मीटरवर.

गोळी सरळ जाते ही लोकांची भाबडी श्रद्धा. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायलाच लागते. पतन हाच तिचा धर्म. म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती अंतराप्रमाणे फिरवायची, म्हणजे नेम जागेवर राहतो आणि नळी तेवढी नाक वर करते. गोळी कुठे लागली ते मला पालथं पडून नेम धरताना दिसत नाही. ते दादा शेजारी बसून मोठ्या दुर्बिणीतून सांगतो.

“खाली. वीतभर वर घे.”

घेतली.

“अजून खालीच! चाप हिसकायची तुझी जुनी खोड.”

घेतली!

शेवटी ब्रश घेऊन नेमाची लोखंडी तबकडी रंगवायला गेलो — आमच्यात ज्याने मारलं त्यानेच रंगवायचं. बघतो तर खुणा वरच्या काठाशी, उरलेल्या गोळ्या थेट मागच्या बांधात! चकती एक घर फिरवावी तर तीन चढते. मिस्त्रीने हात लावलाय, दुसरं काय!

परतताना दादाने गाडी फाटकाच्या खांबाला घासली. वर खांबालाच झापलं — “हा इथे कधी आला?”

मंगळवार, ११
मिस्त्रीने माझी दुर्बीण शिकंज्यात धरून तपासली. “एक क्लिक, एक घर. दुर्बीण शहाणी आहे, साहेब.” वेडं कोण, ते त्याने अध्याहृत ठेवलं. उद्धट!

गुरुवार, १३
काडतुसांवर संशय घेतला. निराधार.

रविवार, १६
आज चकतीला हात लावायचा नाही, असं ठरवूनच पालथा पडलो. पहिली गोळी. लांबून लोखंड खणकन वाजलं.

“खाली! वर घे.”

काही न फिरवता दुसरी मारली.

“आता कसं! बरोब्बर मधोमध.”

डोकंच सणकलं. थट्टा चालवलीये माझी? ताडकन उठलो, त्याला बाजूला सारून मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला.

आत अंधार.

भिंगावर झाकण होतं. माझी सूचना कुणीतरी मनावर घेतली होती.

“मधोमध आहे ना रे?” दादाने विचारलं. अगदी सरळ.

“हो,” म्हटलं. झाकण हळूच काढून खिशात टाकलं.

येताना म्हणालो, गाडी मी चालवतो.

“तू? तुला अंतराचा अंदाज तरी आहे का!”

सोमवार, १७
मिस्त्रीची माफी मागायची आहे. सूचना काढायची आहे.

दादा आत्ताच नातीला गाडीतून शाळेत घेऊन गेला. मी खिडकीत उभा होतो; हाक मारली नाही. त्याला दिसत नाही, आणि त्याच्या हातून किल्ली घ्यायचं धाडस माझ्यात नाही. मला फार भीती वाटते.