आमटीतलं पाणी

॥ श्री भवानी प्रसन्न ॥

सास्तूर, ४ ऑगस्ट २०२४

चि. बब्रुवान यास हरणाअक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा फोन आला की तुझा भाचा रणधीर तो माझ्या कानाशी धरतो, पण मला नुसता गलका ऐकू येतो. म्हणून आपला कागदच बरा. इकडे पाऊसपाणी ठीक. सोयाबीन चांगलं आलंय. तुझी गुडघेदुखी कशी आहे? तेल चोळतोस का नुसतंच कुरकुरतोस?

माझं मात्र बरं नाही. कित्येक दिवस झाले, कशालाच चव लागत नाही. येसराचा मसाला घातलेली माझ्याच हातची आमटी, आणि तोंडात गेली की नुसतं कढत पाणी. त्यात सूनबाई शिवलीला माझ्या माघारी आमटीत पाणी ओतते. मी पाहिलंय. कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत.

मागच्या आठवड्यात लेक-सुनेनं मला उमरग्याला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर कानाशी ओरडून काहीतरी बोलले. मला दोनच शब्द कळले, जास्त आणि कमी. शिवलीलानं लगेच मान डोलावली. म्हातारी जास्त खाते, तिचं कमी करा, एवढं न कळायला मी खुळी नाही. तेव्हापासून चहात चतकोर भाकर कुस्करते, बाकी काही मागत नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडून सगळ्यांना मी जेवू घातलं, आणि आता माझाच घास यांना जड झाला. फार लागलंय रे मनाला.

पोळा झाला की मला न्यायला ये. तुझ्याकडं वेगळी चूल मांडीन, तुझ्या बायकोला त्रास नाही.

तुझी वाट बघणारी,
अक्का

———

ढोकी, १० ऑगस्ट २०२४

चि. सौ. शिवलीला हिस बब्रुवानमामाचे अ. आ. वि. वि.

अक्काचं पत्र आलं. तुमच्या घरात आपला घास जड झाला, असं तिनं लिहिलंय. डॉक्टरांनी जास्त खाते, कमी करा असं सांगितलं म्हणे, आणि तू मान डोलावलीस. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्कानं मला भरवून वाढवलं. ती माझ्याकडं आली तर मला आनंदच आहे, पण अशी रुसून आलेली मला बघवणार नाही.

तू आमटीत पाणी ओततेस असंही तिनं लिहिलंय, ते मी समजू शकतो. आखाडात देवीच्या नैवेद्याला आलो होतो, तेव्हा आमटी इतकी खारट होती की ढोकीपर्यंत पाणी पीत आलो. प्रसादाला नाव कोण ठेवणार, म्हणून गप्प बसलो. पण म्हातारीचं जेवण तोडायचं, हे कुठल्या डॉक्टरचं शास्त्र? राग आलाय म्हणून सरळ विचारतो. उलट टपाली कळव.

तुझा,
बब्रुवानमामा

———

सास्तूर, १६ ऑगस्ट २०२४

ती. मामांना शिवलीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आलं, आणि मग हसूही. डॉक्टरांनी जेवण कमी करा असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी आधी झिंक म्हणून सांगितलं, ते आत्यांना कळेना. म्हणून मोठ्यानं मराठीत सांगितलं की अंगात जस्त लई कमी आहे. आत्यांनी जस्तचं जास्त ऐकलं.

दात हलायला लागल्यापासून त्यांनी हरभरा, मटकी, शेंगदाणे सगळंच सोडलं होतं. चहा-भाकरीवर दिवस काढायच्या. म्हातारपणी असं झालं की जस्त कमी पडतं आणि जिभेची चव जाऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. चव कळेना म्हणून आत्या मीठ वाढवत गेल्या. मी पाणी घालत होते ते त्यासाठी. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. त्यांच्या हाताची चव बिघडली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

भाकर का टाकतात, म्हणून मी रोज विचारायची. पोट भरलं म्हणायच्या. तुमचं पत्र आल्यावर पाटी घेऊन बसले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, जस्त. खाली लिहिलं, याला काना नाही. आत्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, बादलीला लावतात तेच का? मी व्हय म्हणाले. त्या म्हणाल्या, मग माझ्या कानानं आन् त्या कान्यानं मिळून मला उपाशी मारलं म्हणायचं. तुम्हीही आता हसा.

गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस द्यायच्या आहेत. शिवाय मटकी मऊ शिजवून देते, शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळाची चटणी भाकरीला लावून देते. चहा जेवणाबरोबर नाही, उशिरानं. यावरून रोज भांडण होतं. मामा, पोळ्याला जरूर या, पण त्यांना न्यायला नको.

आपली,
शिवलीला

———

सास्तूर, १५ ऑक्टोबर २०२४

चि. बब्रुवान यास अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

पोळ्याला आलास, पुरणपोळी हाणलीस आणि मला न घेताच गेलास, ते बरं केलंस. इथं माझ्या चहावर पहारा असतो, तो सोडून कुठं जाऊ?

चव परत यायला लागलीय. आधी चटणी झोंबली, मग गूळ गोड लागला. पण खरी गंमत दसऱ्याला झाली. नैवेद्याची कटाची आमटी मीच केली. देवीला दाखवायच्या आधी चाखायचं नसतं, म्हणून हाताच्या सवयीनं मीठ टाकलं. नैवेद्य झाला, पानं वाढली. पहिला भुरका घेतला आणि माझे डोळेच पांढरे झाले. घशाखाली जाईना.

मान वर करून पाहिलं. रणधीर खाली बघून जेवत होता. त्यानं आणखी आमटी मागितली. सूनबाईनं वाढली, स्वतःही भातावर घेतली. कुणी तोंड वाकडं केलं नाही. किती महिने ही माणसं माझं मीठ असं गिळत होती, आणि मी म्हणत होते, माझा घास यांना जड झाला.

प्रसादाला नाव ठेवायचं नसतं, मीही ठेवलं नाही. पानावरून उठले आणि तांब्यातलं पाणी माझ्या हातानं त्या आमटीत ओतलं.

गुडघ्याला तेल चोळत जा. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
हरणाअक्का