विम्याच्या कार्डावरची लेक

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २० जुलै १९७५

चि. सौ. गिरिजा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्राला चार दिवस उशीर झाला, त्याला कारण तू औषधपाण्यासाठी माझ्याकडं ठेवलेली तुझी लेक. चाळीतल्या पोरी दिवसभर जिना चढतात-उतरतात. हिला चार पायऱ्यांवर धाप लागते, म्हणून ही जिन्याच्या तोंडाशी बसून सगळ्यांना हुकूम सोडते. शेजारच्या तेलुगू बाईंनी तिचं नाव कलेक्टरीण ठेवलं आहे. शाळेत नाव घातलं. जेवण बरं आहे, पण भाकरी तुझ्यासारखी पातळ होत नाही, असं मला रोज ऐकवते.

आता कामाचं. तिला विम्याच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. गेल्या वर्षी सांधे धरून ताप आला होता ना, त्यानं काळजाला इजा केली आहे म्हणाल्या. ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी सुई टोचायची. मोठी होईपर्यंत एकही चुकवायची नाही. सुई, औषध, तपासणी, सगळं विम्यातून.

तू विचारशील, गिरणी दाजींची, विमा दाजींचा, मग त्यात महानंदा कशी बसली? तुझ्या दाजींचा प्रताप ऐक. गिरणीतल्या कारकुनानं कार्डावर कुटुंबातली नावं घालताना मुलं किती म्हणून विचारलं. दर वेळी हा माणूस त्या रकान्यात रेघ ओढून घेऊन यायचा. या वेळी छाती काढून सांगून आले, एक मुलगी, महानंदा, वय आठ. मी म्हटलं, अहो, हे खोटं झालं. तर म्हणतात कसे, खोटं कसलं त्यात, बहिणीची पोर ती आपलीच पोर की, ती तुला दोड्डव्वा म्हणते, म्हणजे थोरली आईच झालीस. तुझ्या शरणप्पा दाजींशी वाद घालून कोण जिंकलंय!

चन्नवीर भावजींना नमस्कार सांग. पोरीची काळजी करू नकोस. तुमची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
रत्नम्मा अक्का


॥ श्री ॥

वैराग,
ता. ३ ऑगस्ट १९७५

ती. स्व. रत्नम्मा अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. यांनी दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः चार वेळा वाचलं. कार्डाची गोष्ट वाचून हे हसले. मी हसले नाही. दाजींचं मन मोठं आहे, ते मला ठाऊक आहे. तरी आपली पोर दुसऱ्याच्या कार्डावर, ही ओळ मी यांना पुन्हा वाचायला लावली. आमच्या यांनी आडतीवर बारा वर्षं लोकांची धान्याची पोती तोलली, पण आडतीला विमा नाही. गिरणीच्या भोंग्याखाली जन्मलेल्या पोरांच्या दुखण्याची सरकार काळजी घेतं, तोलाराच्या पोरीची कुणी घ्यायची? हे तुला नाही, सरकारला विचारते आहे. राग मानू नकोस.

घर खायला उठतं. सकाळी सवयीनं तिच्या वाटणीची भाकरी थापली जाते आणि मग ती मीच दुपारी खाते. सोलापूरची गाडी यायच्या वेळेला काही ना काही काम काढून मी स्टँडकडं जाते. काल स्टँडवरच्या बनाबाईनं विचारलंच, रोज कुणाला आणायला येतेस गं? मी म्हटलं, कुणाला नाही, हवा खायला आले.

तिला झोपताना पाठ खाजवून लागते. सांगत नाही, नुसती कुशीवर वळते. तेवढं बघ. भाकरी पातळ नसली तरी चालेल.

लहान बहिणीवर लोभ ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
गिरिजा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. १४ डिसेंबर १९७५

चि. सौ. गिरिजा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र यांना न दाखवता लिहिते आहे. शांतपणे वाच.

दिवाळीनंतर महानंदाची धाप वाढली. बसल्या जागीही छाती उडताना दिसते. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. काळजातली एक झडप आकसली आहे, ती ऑपरेशन करून मोकळी करावी लागेल, आणि पावसाळ्यापर्यंत थांबू नका म्हणाले. सिव्हिललाही नेलं, तिथंही तेच सांगितलं. ऑपरेशन मुंबईला. आपण आपल्या बळावर ते करू म्हटलं तर तुझं आणि माझं अशी दोन्ही घरं विकूनही पुरं पडायचं नाही. विम्यातून मात्र होतं. चिठ्ठी दिली की मुंबईचं सगळं तेच बघतात.

त्या चिठ्ठीपाशीच गाडं अडलं. हल्ली कचेरीतली माणसं वेळेवर येतात आणि कागद वाचतात सुद्धा. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव चन्नवीर आणि कार्डावर शरणप्पा! साहेबांनी यांना बोलावलं. हे घाबरून खरं बोलून गेले. साहेब माणूस भला. म्हणाले, नातेवाइकाची पोर विम्यात बसत नाही. पोटची असावी, नाहीतर रीतसर दत्तक घेतलेली. दत्तक असेल तर कागद आणा, मी मागचं काढत नाही. नसेल तर नाव खोडावं लागेल.

युनियनच्या वकिलांना विचारलं, नुसता कागद करून भागेल का? ते म्हणाले, नाही. आईबापांनी चार माणसांत पोर द्यावी लागते आणि घेणाऱ्यांनी ती घ्यावी लागते. एकदा दिली की परत मागता येत नाही, मोडता येत नाही.

गिरिजा, तुझ्यापासून कधी काही लपवलं नाही, आजही लपवणार नाही. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा क्षणभर मला आनंद झाला. पोर आजारी आहे, बहिणीचं घर रिकामं होणार आहे, आणि मला आनंद झाला. त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटते. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन. पण काय ते लवकर कळव.

तुझी,
अक्का


वैराग,
ता. १९ डिसेंबर १९७५

अक्का,

पत्र पावलं. तुला मूल नाही म्हणून तू माझं घेणार का? दाजींनी कार्डावर नाव घातलं तेव्हाच हे ठरलं होतं का? पोरीला परत पाठव. इथं जे व्हायचं ते होईल.

गिरिजा


॥ श्री ॥

वैराग,
ता. ८ जानेवारी १९७६

ती. स्व. रत्नम्मा अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते पोटातलं नव्हतं, तोंडातलं होतं. तू ते फाडून टाकलं असशील तर बरं केलंस. तू पोरीला परत पाठवली नाहीस, हे तुझे उपकार.

परवा जेवताना हे एवढंच म्हणाले की पोर आपल्याकडं ठेवून गमवायची, का देऊन जगवायची, एवढाच सवाल हाय की. मग ताटावरून उठले. मी सारी दुपार उंबऱ्यावर बसून होते.

आम्ही देतो. पौष सरला की माघातला दिवस बघ आणि मठातल्या स्वामींना सांगून ठेव. तुझ्या ओटीत मीच घालेन, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. एकच मागते. तिनं मला अव्वा म्हणायचं सोडू नये. कायद्यात ते बसत नसेल तर वकिलांना विचारू नकोस.

तू तुझ्या आनंदाचं लिहिलंस त्याचा मला राग नाही. दुसरी कुणी असती तर लपवलं असतं.

आहे तोच लोभ पुढंही राहावा.

तुझी,
गिरिजा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २ मे १९७६

चि. सौ. गिरिजा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र महानंदाबरोबर पाठवते आहे. तिला डोळे भरून बघ आणि मग वाच.

मुंबईहून आल्यावर तुला सगळं कळवलंच होतं. आता जखम पूर्ण भरली आहे. परवा ती आमचा जिना एका दमात चढली. वर पोचल्यावर स्वतःच दचकली, छातीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, दोड्डव्वा, हे काहीच बोलत न्हाय की! चाळभर पेढे वाटले. हे तर लहान पोरासारखे रडले.

माघातल्या त्या दिवशी तू तिला माझ्या ओटीत घातलीस आणि न जेवता निघून गेलीस. तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं आहे. सुट्टीपुरती नाही, मी तिला कायमची पाठवते आहे. शाळेचा दाखला पेटीत ठेवला आहे. कागद काय म्हणायचं ते म्हणो, पोर तुझी. कार्डावरचं नाव आहे तसं राहील. फक्त एवढं कर, दर एकवीस दिवसांनी तिला गाडीनं इथं आण. सुई टोचून घेऊ, दोन घास खाऊ घालू आणि परत पाठवू. शेवटची सुई ३० एप्रिलला झाली, पुढची २१ मेला. मी दवाखान्याच्या दारात वाट बघेन.

घर रिकामं वाटेल. पण मला त्याची सवय आहे, तुला नाही.

तुझी,
अक्का


पोस्टकार्ड

वैराग, ता. २४ मे १९७६

ती. स्व. अक्कास, शि. सा. न. वि. वि. २१ तारखेला येऊ शकलो नाही. इथल्या सरकारी दवाखान्यातच सुई मिळाली. यापुढं इथंच टोचून घेऊ, तुला हेलपाटा नको. महानंदा मजेत आहे, दिवसभर उंडारते. काळजी नसावी. – गिरिजा


॥ श्री ॥

वैराग,
ता. २४ जून १९७६

ती. स्व. रत्नम्मा अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

महानंदा आज सकाळच्या गाडीनं यांच्याबरोबर तिकडं निघाली. एव्हाना तुम्ही तिला दवाखान्यात नेलं असेल. हे तुला अर्धंच सांगतील, कारण त्यांना अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं मी लिहिते.

इथं सुई मिळाली नव्हती. मी विचारायलाही गेले नाही. २१ मेला सकाळी मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, स्टँडवर नेलं. गाडी लागलेली होती. खिडकीशी तिला बसवणार, तेवढ्यात मनात आलं की सोलापूर दिसल्यावर ही तिथंच रमली तर? तू ठेवून घेशील अशी भीती नव्हती, अक्का, ती राहील अशी भीती होती. तिला चिरमुरे घेऊन दिले आणि माघारी आणलं. यांना सांगितलं, सुई झाली. तुला कार्ड टाकलं. ११ जूनलाही तेच केलं. दुसऱ्यांदा खोटं बोलताना जीभ अडली सुद्धा नाही.

ते दीड महिने मी सुखात होते, हेही लिहिते. ती पळायची. माझी पोर पळताना मी दोन वर्षांत पाहिलीच नव्हती. तिच्या मागं धावून मलाच धाप लागायची.

परवा सकाळी तिचा गुडघा सुजला आणि अंग तापलं. दोन सालांमागचा ताप मी ओळखला. इथले डॉक्टर म्हणाले, हा ताप प्रत्येक वेळी काळजाचा लचका तोडतो, आताच्या आता सोलापूर गाठा. हे म्हणाले, सुया तर वेळेवर झाल्यात की. मी पोरीच्या कपाळावरची ओली घडी बदलली. आता त्यांनाही सांगायचं आहे.

आज निघताना तिनं दाराची चौकट धरली. मला न्हाय जायचं, अव्वा, हितंच ऱ्हाते म्हणाली. मी रागावले, समजावलं, सोडेना. शेवटी तिची बोटं एकेक करून मी सोडवली. माघात स्वामींनी सांगितलं म्हणून मी तिला तुझ्या ओटीत घातलं होतं. तेव्हा ती हसत होती, तिला खेळ वाटला होता. खरं द्यायचं राहिलं होतं, ते आज झालं.

आता तिला तुझ्याकडंच ठेव. सुट्टीलासुद्धा पाठवू नकोस. एकवीस दिवसांचा हिशेब माझ्या हाती देऊ नकोस, माझा हात वेडा आहे. कधी भेटावंसं वाटलंच तर मी येईन, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. ती मोठी झाली, सुया संपल्या, की तिला सगळं सांग. मी काय केलं तेही सांग.

यांच्या खांद्यावरून जाताना तिनं माझ्याकडं मान वळवून पाहिलं नाही. स्टँडपर्यंत मी मागं मागं गेले, गाडी हलली तरी तोंड फिरवूनच होती. बनाबाई म्हणाली, पोर लई रुसली गं. रुसू दे, अक्का. जन्मभर रुसू दे. रुसायला ती राहिली पाहिजे, एवढं बघ.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
गिरिजा