दोन नावांची प्रत

४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांनी परवा मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. घरचा कंप्यूटर आजारी आहे. सुरू करताना आतून कुणीतरी नखाने पत्रा खरवडतंय असा आवाज येतो. मी म्हटलं, घाबरू नका, आपण बॅकअप घेऊन ठेवू, म्हणजे उद्या हा बंद पडला तरी सगळं परत आणता येईल. त्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, सगळं म्हणजे काय काय? मी फोटो, माझे निबंध, विजेची बिलं अशी सुरुवात केली आणि मध्येच अडखळले. तेव्हापासून अडखळलेलीच आहे.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकू न आल्यासारखं करता, म्हणून पत्रच बरं.

वाचनालयात मी मोठ्या माणसांना कंप्यूटर शिकवते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे रोज सांगते की आपली वस्तू आपल्याला परत आणता आली पाहिजे, त्यासाठी दुरुस्तीवाल्याच्या दारात हात जोडून उभं राहायला लागू नये. मग घरात दिव्याखाली अंधार कसा ठेवू? माझी अट एकच आहे: सॉफ्टवेअर इतकं सोपं हवं की बाबांनी ते माझ्याशिवाय चालवावं. एक पाहिलं, ते इतके प्रश्न विचारतं की आई म्हणाली, मुलगी बघायला आलेत का हे लोक? दुसरं दर महिन्याला वर्गणी मागतं. तिसरं साधं वाटतंय, ते रविवारी घरी जाऊन लावणार आहे.

त्या कंप्यूटरवर अजून पहिल्या पडद्यावर दोन नावं येतात, एक बाबांचं आणि एक तुमचं. तुमच्या नावापुढे तो चित्रातला मासा आहे. तुमचा पासवर्ड मला नको, पण तुमच्या कप्प्याची प्रत घेतली तर चालेल ना, एवढं कळवा.

आठवतं का, कंप्यूटर घरी आला तेव्हा तुम्ही खुर्चीवर फोटो काढायला बसल्यासारखे ताठ बसला होतात? आईने तुमच्या कारखान्यातल्या जुन्या सदऱ्याचं त्याला झाकण शिवलं. अजून तेच आहे, खिशासकट.

लोभ असावा, आणि असला तर पत्राने कळवावा.

तुमची,
पदवीबाई


११ फेब्रुवारी

चि. पदवीबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. इथे सगळं ठीक. शाळेच्या फाटकावर बसतो, पोरं आत गेली की कुलूप, सुटली की कुलूप. बारा गावच्या खोड्या इथे बघायला मिळतात, त्यामुळे करमतं.

कंप्यूटर म्हातारा झालाय, तर होऊ दे. माणसं होतात, त्याने काय घोडं मारलंय? तुझे निबंध आणि फोटो काढून घे आणि त्याला सोडून दे. माझ्या कप्प्यात काही नाही. दोन-चार गाणी आणि गुडघ्याच्या औषधाची एक चिठ्ठी.

आणि माझं नाव अजून तिथे आहे, हे वाचून मला नवल वाटलं. कारखान्याची भट्टी कायमची विझली त्या महिन्यात मी ही नोकरी धरली, तर तुझा बाप म्हणाला, जातोस तर त्या कंप्यूटरवरचं नावही काढून जा. मी काही काढलं नाही, मला ते काढता येत नव्हतं. मी धरून चाललो होतो की त्यानेच कधीतरी काढलं असेल. दोन वर्षं झाली, एक ओळ नाही त्याची. जा म्हणणारा तो, तर ये म्हणायचं कुणी?

असो. तू यात पडू नकोस. तू शिकलीस, तुझं शहाणपण वाचनालयात वापर. तुझ्या आईला सांग की सदरा परत नको, पण खिशात माझी विडी राहिली असेल तर ती फेकून द्यावी.

नाव ठेवलंय म्हणतेस, तर आमचा अर्धा राहिलेला बुद्धिबळाचा डावही असेल ना तिथे? सहज विचारतो.

जीव लावतेस तसाच लावत राहा, फक्त उपदेश कमी कर.

तुझा,
काका


१९ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगते, मग रागवा.

रविवारी ते तिसरं सॉफ्टवेअर लावलं. बाबांच्या नावाने आत जाऊन एक बटण दाबलं, हिरवी पट्टी पूर्ण भरली, पडद्यावर सगळं सुरक्षित आहे असं आलं. मी खुशीत. पण वर्गात मी नेहमी सांगते की परत आणून बघितल्याशिवाय प्रतीवर विश्वास ठेवू नये. म्हणून जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, नवी कोरी डिस्क बसवली आणि ती प्रत तिच्यावर उतरवून पाहिली.

फोटो आले, बिलं आली, माझे निबंध शुद्धलेखनाच्या चुकांसकट आले. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की हा तर बँकेतल्या कंप्यूटरसारखा दिसतोय. मग त्यांनी पहिला पडदा पुन्हा दाखवायला सांगितला. तिथे एकच नाव होतं.

त्या सॉफ्टवेअरने फक्त बाबांच्या कप्प्यातल्या फाइली उचलल्या होत्या. तुमचा कप्पा नाही, तुमचा मासा नाही. बुद्धिबळाचा प्रोग्रामही नाही, आणि तो आपल्या डावाची नोंद स्वतःच्याच पोटात ठेवतो, म्हणून डावही नाही. चूक माझी. सोपं शोधण्याच्या नादात ते काय काय उचलतं, हे मी पाहिलंच नाही.

बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई मागे गेली. मला खिडकीतून ऐकू आलं, ते तिला सांगत होते की त्याला वाटेल मीच पुसलं. रागात एकदा बोलून गेलो, आता ते खरं होऊन बसेल.

जुनी डिस्क मी परत बसवली आहे. ती चालली, पण आवाज वाढलाय आणि सुरू व्हायला ती आता फार वेळ घेते. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. डाव तिच्यातच आहे. चाल तुमची आहे. बाबा रोज सकाळी चहा झाला की तो डाव उघडतात, बघतात आणि काही न हलवता बंद करतात. आई म्हणते, देवळात जाणारी माणसंसुद्धा इतकी नियमित नसतात.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
पदवीबाई


२६ फेब्रुवारी

चि. पदवीबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मनात आलं, चला, दादाला जे जमलं नाही ते यंत्राने केलं. नंतर ओट्याचा मजकूर परत वाचला. मग फाटक लावायला उशीर झाला आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. हे तुझ्या खात्यावर.

तू लहान होतीस, तुला सगळं आठवत नसेल. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टी कधी विझवायची नसते, म्हणून पाळ्या. तो दिवसाचा, मी रात्रीचा. बाहेरच्या खोलीत पलंग एकच. तो उठायचा आणि मी येऊन त्याच जागी पडायचो, उशी अजून कोमट असायची. आमची भेट कारखान्याच्या फाटकाशी, जेमतेम विडी पेटवण्यापुरती. तो सांगायचा कुठल्या साच्यात बाटलीला चीर जातेय, मी सांगायचो भट्टीचा कोणता कोपरा रुसलाय. बस्स. सुख-दुःख बोलायला वेळच नव्हता. कंप्यूटर आल्यावर आम्ही दिवसाला एक चाल खेळायला लागलो. मी सकाळी येऊन एक खेळायचो, तो संध्याकाळी एक. त्याची चाल बघून मला कळायचं की आज साहेब बोललाय का, पाठ दुखतेय का. चिडलेला असला की वजीर उगीच पुढे काढायचा. भाऊ म्हणून मी त्याला सगळ्यात जास्त तिथेच ओळखलं.

भट्टी विझल्यावर आम्ही दोघं दिवसभर घरात समोरासमोर. सवयच नव्हती गं. काय बोलायचं ते कळेना, म्हणून भांडलो. ही नोकरी मी पोटासाठी धरली तेवढीच त्यासाठीही धरली. हे त्याला मी सांगितलं नाही.

माझ्या कप्प्याची प्रत घ्यायची तर घे. पासवर्ड मागू नकोस, तो ऐकून तुझी आई हसेल.

माझा उंट अजून त्याच्या हत्तीच्या तोंडाशी आहे का? हलवू नको म्हणावं कुणाला.

रागावलो तरी तुझाच,
काका


९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

उंट तिथेच आहे. हत्तीही तिथेच आहे.

या वेळी मी सॉफ्टवेअर निवडताना आधी विचारलं की तू काय काय उचलतोस. आमच्या वाचनालयातल्या एक बाई म्हणाल्या, घर बदलताना नुसते कपडे बांधून नेतेस की भिंतींवरच्या खिळ्यांसकट अख्खं घर? आपल्याला खिळे हवे होते. फाइलींची प्रत नको, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घेणारं सॉफ्टवेअर हवं होतं. असं एक सापडलं. त्याच्या पडद्यावर दोनच मोठी बटणं आहेत, एक प्रत घेण्याचं आणि एक परत आणण्याचं. सोबत एक पेनड्राइव्ह करून ठेवायचा, म्हणजे कंप्यूटर अजिबात सुरू झाला नाही तरी त्यावरून काम चालतं.

प्रत घ्यायला दुपार गेली. जुनी डिस्क इतकी कण्हत होती की आई तिला धीर देत होती. पट्टी शेवटाकडे आली आणि तिथेच अडली. बाबा बाहेर जाऊन आले, पुन्हा गेले, पुन्हा आले, शेवटी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. मग ती हळूच पुढे सरकली आणि भरली. दुसऱ्या दिवशी डिस्क सुरूच झाली नाही. काका, एक दिवस उशीर झाला असता तर मी तुम्हाला काय लिहिलं असतं, हे मला अजून सुचत नाही.

परत आणायचं काम मी केलं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून शेजारी बसले आणि बाबांनी केलं. एकेक ओळ मोठ्याने वाचत, बोट पडद्यावर टेकवत. एका जागी लिहून आलं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, तुमची खात्री आहे का? तिथे बाबांनी हातातला माउस सोडून दिला. म्हणाले, पुसायचं बटण मी दाबणार नाही, माझ्या हातून ते होणार नाही. मी समजावलं की नवी डिस्क मी पुन्हा कोरी करून ठेवली आहे, तिच्यावर पुसण्यासारखं काही नाही. ते ऐकेनात. आईने स्वयंपाकघरातून विचारलं की कोऱ्या पाटीवरून ओलं फडकं फिरवायला एवढा विचार कशाला. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

कंप्यूटर पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर दोन नावं होती. बाबांचं आणि माशासकट तुमचं. डाव उघडला, प्याद्याला प्यादं जुळलं. बाबा म्हणाले, त्याला लिही, मी काढलं नव्हतं. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. दोन वर्षं तुम्ही दोघं माझ्या पत्रांत डोकावून एकमेकांची खुशाली घेताय. मी मुलगी आहे, फाटक नाही.

मग मी जे केलं ते दोघांनाही न विचारता केलं. वाचनालयाने निकालात काढलेला एक कंप्यूटर मी रीतसर मागून घेतला आणि तीच प्रत त्याच्यावरही उतरवली. वेगळं यंत्र म्हणून आधी नखरे झाले, पण उतरली. आता आपलं घर दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे दोन्ही नावं. मात्र एकात खेळलेली चाल दुसऱ्यात आपोआप दिसणार नाही, ती कुणीतरी कुणालातरी सांगावी लागेल.

असं नाजूक सामान पार्सलने पाठवायला मन होईना, आणि ते जोडून सुरू करून देणारा आपल्या घरात आता एकच माणूस तयार आहे. बाबांना मी कुठे जायचं ते स्पष्ट सांगितलं. ते संध्याकाळभर नाही म्हणत राहिले आणि सकाळी आईकडे इस्त्रीचा सदरा मागितला.

म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता त्यांच्या खिशात घातलं आहे. तुम्ही ते वाचत असाल तेव्हा ते शाळेच्या फाटकाबाहेर खोकं धरून उभे असतील. खोकं जड आहे, वाचून होईपर्यंत त्यांना ताटकळत ठेवू नका.

माझ्यावरची माया आता दोघांनी मिळून वाढवावी.

तुमची,
पदवीबाई

ता. क. जायचं तिकीट मी काढून दिलं आहे. परतीचं काढलेलं नाही.