देऊळघाटची हजेरी

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
जुन्या नोंदी टंकलेखन कक्ष,
बुलढाणा.

विषय : सकाळी दहा वाजता पाच मिनिटे मोबाइल पेटीबाहेर काढू देणे, देऊळघाट येथील पितळी घंटा परत न मागणे व अर्जदाराची पाच दिवसांची रजा धरणे याबाबत.

संदर्भ : आपला दि. २७ जून २०२५ चा आदेश (घरून काम बंद, ७ जुलैपासून सर्वांनी कार्यालयात बसणे).

महोदय,

१. अर्जदार देवानंद भाऊराव सरकटे, कनिष्ठ लिपिक, रा. धामणगाव बढे, ता. मोताळा, नम्रपणे सादर करतो की, घरून काम मिळावे म्हणून हा अर्ज नाही. तसे चार अर्ज आपल्या टेबलावर आधीच आहेत आणि त्यांतली गुडघेदुखीची कारणे आपण वाचलीच असतील. अर्जदाराला कार्यालय आवडते. घरी पलंगाच्या काठावर बसून ग्रामपंचायतींची जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरे टंकता टंकता पाठीचा पार भुगा झाला होता. अडचण वेगळी आहे, आणि आपण मे महिन्यात नव्याने रुजू झाल्यामुळे ती मुळापासून सांगणे भाग आहे.

२. या कक्षात कडूबा सोनुने नावाचे शिपाई होते, रा. देऊळघाट. दहाच्या ठोक्याला व्हरांड्यात पितळी घंटा वाजवायची आणि दारात उभे राहून सहा नावे पुकारायची, हा त्यांचा शिरस्ता. रंगराव, मंजुश्री, गणेश, धम्मशीला, मग स्वतःचे 'कडूबा', आणि शेवटी देवानंद. स्वतःचे नाव पुकारून स्वतःच 'हजर' म्हणायचे. कोणी हसले तर म्हणायचे, "काऊन बे, शिपाई का मानसात येत नाही?" सन २०२० च्या टाळेबंदीत काम घरी गेले, तेव्हा ते घंटा पिशवीत घालून देऊळघाटला घेऊन गेले. तेथून रोज दहाला सर्वांना एकत्र कॉल येई. त्यांचे हात घंटेत गुंतलेले, म्हणून मोबाइलचे बटण दाबायचे काम त्यांच्या पत्नी आशाबाईंकडे होते. पुढे इमारतीची दुरुस्ती निघाली ती निघालीच, आणि घरून काम पाच वर्षे चालले.

३. एप्रिल २०२१ मध्ये कडूबा कोरोनाने गेले. दवाखान्यातून त्यांना घरी आणलेच नाही; आशाबाईंना तोंडसुद्धा पाहायला मिळाले नाही. तेराव्यानंतरच्या सोमवारी दहा वाजता पाचही जणांचे फोन वाजले. पलीकडे घंटा वाजली आणि आशाबाई नावे पुकारू लागल्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण वर्षभर ऐकून क्रम तोंडपाठ झाला होता. चौघांनी हजेरी दिली. मग त्या "कडूबा" म्हणाल्या आणि थांबल्या. उखाणा सोडला तर उभ्या जन्मात त्या बाईने नवऱ्याचे नाव घेतले नव्हते. अर्जदार म्हणाला, "हजर." लगेच स्वतःचे नाव आले, तेव्हा पुन्हा "हजर." चूक झाली ती तेथे, आणि ती अर्जदाराची आहे.

४. एकदा केलेले रोजचे झाले. मागच्या साहेबांना हे माहीत होते. त्यांनी काणाडोळा केला. चार वर्षे अर्जदाराने रोज दोनदा हजेरी दिली. गेल्या डिसेंबरात घसा इतका बसला की चहा मागायलाही खूण करावी लागे. त्या सकाळी अर्जदार फोन कानाला लावून मुकाट बसला होता. 'कडूबा' पुकारले गेले, आणि हजेरी आली. घसा सुटल्यावर अर्जदाराने चौघांनाही विचारले. रंगरावांनी लेकरांची शपथ घेतली, "म्या नाही बोललो बाप्पा. मले त वाटलं तूच व्हय." तेव्हापासून पाचही जणांनी हा विषय काढलेला नाही.

५. दि. ७ जुलैला सर्व जण कार्यालयात बसले आणि आपल्या आदेशाप्रमाणे मोबाइल आपल्या टेबलाशेजारच्या लाकडी पेटीत जमा झाले. दहा वाजता ते सगळे एकदम वाजले, हे आपणही ऐकले आहे. "हा काय तमाशा आहे?" असे आपण विचारलेत. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद करण्यात आला. तरी दहाला पेटी आतून थरथरायची. गुरुवारी आपण तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलात.

६. कार्यालयाच्या मालकीची घंटा परत आणण्याचे काम आदेशात अर्जदारावर सोपवलेले आहे. त्यासाठी अर्जदार शनिवार दि. १२ रोजी देऊळघाटला गेला. घंटा भिंतीतल्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात होती, लख्ख घासलेली. शेजारच्या भिंतीवर आशाबाईंनी सहा रांगा धरल्या आहेत. जो हजेरी देईल त्याच्या रांगेत त्या कडूबांच्या डबीतल्या चुन्याचे एक बोट ओढतात आणि रविवारी भिंत मातीने पोतारून नवा आठवडा सुरू करतात. गेल्या आठवड्याच्या सहापैकी पाच रांगा कोऱ्या होत्या. पाचव्या, म्हणजे कडूबांच्या रांगेत मात्र पाच बोटे होती. अर्जदाराने विचारले, ही कशी? आशाबाई सहज म्हणाल्या, "तुमच्यातलं कोनीच बोललं नाही बापा. यायनंच रोज हजेरी देल्ली." मग चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "आता सारे हाफिसात बसता म्हनता, मंग यायनं बी तिकडंच याव का? मले एकटीले ठेऊन?"

७. घंटा न घेता अर्जदार परतला. अर्जदाराला भीती वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून जास्त लाज वाटते, कारण ज्या बाईला एका शब्दाचा आधार दिला, तिचा फोन आठवडाभर गठ्ठ्याखाली दाबून ठेवलेला त्याने मुकाट्याने पाहिला. तरी दहा ते दहा पाच या वेळेत मोबाइल घेऊ द्यावा, घंटा नोंदवहीतून कमी करून देऊळघाटलाच राहू द्यावी, आणि दि. ७ ते ११ जुलै हे पाच दिवस अर्जदाराच्या किरकोळ रजेतून वजा करावेत. आपल्या हजेरीपटावर अर्जदाराची सही आहे खरी, परंतु भिंतीवर तो गैरहजर आहे.

८. एक कबुली देणे आवश्यक आहे. आज अर्जदाराने मोबाइल पेटीत टाकला नाही. दहा वाजता जिन्याखाली उभे राहून फोन घेतला. आशाबाईंनी चार नावे पुकारली, कोणी बोलले नाही. मग त्या "कडूबा" म्हणाल्या. खरे काय ते एकदा कळावे म्हणून अर्जदाराने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. "हजर" असे स्पष्ट ऐकू आले. आवाज अर्जदाराच्या ओळखीचा आहे. बारा वर्षे तो याच दारातून ऐकलेला आहे. त्यानंतर "देवानंद" असा पुकारा झाला. अर्जदाराच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग फोन बंद झाला.

सबब आजचा दिवसही रजेतच धरावा.

उद्या दहाच्या आत आपले उत्तर मिळेल या आशेवर,

नम्र अर्जदार,
(सही)
देवानंद भाऊराव सरकटे
बुलढाणा, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) संदर्भीय आदेशाची प्रत.
२) देऊळघाट येथील भिंतीचा फोटो (रविवारी पोतारण्यापूर्वीचा).
३) पितळी घंटा : जोडलेली नाही.