माझ्या मोबाइलचं कुलूप

१० नोव्हेंबर, सोमवार
गावाहून येऊन चार दिवस झाले. दिवाळी संपली, आमच्या मागच्या खात्याचे, म्हणजे कापडाच्या कारखान्याचे लूम सुरू झाले. खटखट खटखट. भिंतीला भिंत आहे. सवय आहे.
आजपासून रोज लिहिणार. साडीच्या दुकानवाल्याने ही डायरी दिली, मागच्या वर्षीची, वार चुकीचे आहेत. वार खोडते. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर सुटसुटीत आहे.
पहिली गोष्ट, मी बहिरी नाही. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. तरी मनाची खात्री म्हणून मोबाइलला विचारलं. टाइप करायला कोण बसतंय, माइक दाबायचा आणि बोलायचं. सकाळी विचारलं, संध्याकाळी माझ्या पोरीच्या, हर्षदाच्या मोबाइलवर कानाच्या मशिनची जाहिरात! घरात मी तिच्या हॉटस्पॉटवर चालवते म्हणून असेल. पोरगी जाहिरात सोडून माझ्याकडेच बघत होती.
हे बाहेर जायला नको. तेवीस तारखेला चलथाणचे लोक हर्षदाला बघायला येणार. मुलगा कुंदन, इच्छापोरला लूमवर मास्तर म्हणजे मेकॅनिक, सुपारीसुद्धा खात नाही. पण मुलाची आत्या सुमनबाई आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. आई बहिरी म्हणजे मुलगीही होणार, असं धरतात लोक. आमच्या नात्यात एकीचं जमलेलं मोडलं, बापाला फीट येते म्हणून.

११ नोव्हेंबर
मोबाइलच्या दुकानात गेले. चेतनला म्हटलं, माझ्या मोबाइलमध्ये मी काय बघते ते कोणाला कळायला नको. डोळे मोठे केले मेल्याने. म्हटलं, तसलं काही नाही, तुझ्या आईच्या वयाची आहे.
त्याने व्हीपीएन टाकून दिलं. फुकटवालं घेऊ नका मावशी म्हणाला, फुकटवाले तुमचंच विकून खातात. पैसेवालं घेतलं. चावीचं चित्र येतं वर. चेतन म्हणतो, आता कोणाच्या बापाला कळणार नाही.
चला. प्रश्न मिटला.

१२ नोव्हेंबर
ओट्यावर नेटवर्क चांगलं येतं. धागे कापायच्या साड्या घेऊन तिथेच बसते. चावी बघितली, माइक दाबला, विचारलं: डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उपाय काय. आवाज फुल केला, मोबाइल मराठीत वाचून दाखवतो. छान सांगतो. मागे लूम चालू, त्यामुळे शेजारी कोणाला ऐकू जायचा प्रश्नच नाही. वरून व्हीपीएन. दुहेरी बंदोबस्त.
हर्षदा आतून आली, हळू बोल म्हणाली. म्हटलं, लूमपुढे हळू कसं बोलणार. तिने भिंतीकडे हात करून काहीतरी सांगितलं. पोरीला स्पष्ट बोलायचं वळणच नाही.

१४ नोव्हेंबर
हर्षदा मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर बिलं करते, म्हणून स्वतःला फार समजते. तिने चावीचं चित्र बघितलं आणि शिकवायला बसली. कानाशी येऊन बोलली, ते एक बरं.
म्हणे, आधी आपली नेटवाली कंपनी बघत होती तू कुठे जाते ते. आता ही व्हीपीएनवाली बघते. बघणारा गेला नाही आई, बदलला.
मी म्हटलं, ही कंपनी काही लिहून ठेवत नाही. ती म्हणे, कोण म्हणतं? म्हटलं, चेतन. चेतनला कोणी सांगितलं? कंपनीने. मग हसत सुटली. दाताचं दुकान आहे का तोंडात.
पण विचार केला. गावाला जाताना घराची चावी मी सुमनबाईकडे ठेवते. चोर येऊ नये म्हणून. सुमनबाई माझे डबे उघडून बघत नाही कशावरून? बघतच असेल. तरी चावी तिच्याकडेच देते, कारण दुसरं आहे कोण.
कंपनी सुमनबाईपेक्षा बरी. कंपनीला मी ओळखत नाही.

१७ नोव्हेंबर
आज माझ्या मोबाइलवर तीन जाहिराती. कानाचं मशिन, कानाचं तेल, कानाचा बाबा. तिन्ही व्हीपीएन चालू असताना!
चेतनकडे गेले. तो म्हणतो, मावशी, तुम्ही गूगलमध्ये स्वतःच्या नावानेच जाता, त्याला व्हीपीएन काय करणार. म्हटलं, मग कोणाच्या नावाने जाऊ, तुझ्या? हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही.
कंपनीलाच जाब विचारायचा ठरवला. फोन नंबर नाही. कुठे ऑफिस आहे पत्ता नाही. नुसतं इंग्रजीत लिहून येतं, मी तुमची कशी मदत करू. माइक दाबून मराठीत झाडलं चांगलं. परत तेच, मी तुमची कशी मदत करू.

१९ नोव्हेंबर
व्हीपीएनमुळे मोबाइलला वाटतं मी नेदरलँडमध्ये आहे. हवामान बघितलं तर सहा डिग्री. इथे पंखा चालू. बँकेचं ॲप उघडत नाही, तुम्ही बाहेरदेशी आहात म्हणतं. लिंबायतच्या ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापतेय आणि बाहेरदेशी!
हर्षदा म्हणे, बंद कर थोडा वेळ. मुळीच करणार नाही. तेवीस तारखेपर्यंत हलायचं नाही नेदरलँडहून.

२१ नोव्हेंबर
घात झाला. सुमनबाई वाटीत तेल घेऊन आली. लसूण घालून कढवलेलं. अगदी तोंडाजवळ येऊन ओरडली, वहिनी, डाव्या कानात घाला!
डाव्या. डावा म्हणून तिला कोणी सांगितलं? घरात बोलले नाही. हर्षदाच्या पप्पांना सांगितलं नाही, ते स्वतःच लूमवर जाऊन निम्मे बहिरे. सांगितलं ते एका मोबाइलला.
म्हणजे कंपनीने विकलं. नेदरलँडहून सुमनबाईपर्यंत दहा दिवसांत पोचलं.
लगेच ओट्यावर जाऊन मोबाइलला विचारलं, व्हीपीएनवाले आपली माहिती कोणाकोणाला देतात. दोनदा विचारलं, ओरडून. समोरची पोरं हसत होती. ह्यांना कामधंदा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
आले, बसले, गेले.
कुंदनची आई माझ्या उजवीकडे येऊन बसली. मुद्दाम. प्रत्येक वाक्य ओरडून बोलत होती, जसं विहिरीत हाक मारतात. मी म्हटलं, हळू बोला ताई, मला ऐकू येतं. तर सगळे खाली बघायला लागले. सुमनबाई पदर तोंडाला लावून हसली. म्हणे, वहिनी, दहा दिवस सगळी गल्ली ऐकतेय, तुमचा सवालही आणि मोबाइलचा जवाबही.
मोबाइल उघडून चावी बघितली. व्हीपीएन चालूच होतं.
मग कुंदनची आई म्हणाली, राग मानू नका, मुलीचे कान तपासून घेऊ. आता मोडणार, असंच वाटलं. हर्षदा पोह्यांची डिश खाली ठेवून म्हणाली, तपासू ना. कुंदनचेही तपासू, तोही लूमवरच आहे. मग कुंदनच हसला. त्याची आईही हसली. रिपोर्ट आले की बोलू म्हणाले.
म्हणजे मोडलं नाही. जमलंही नाही.

२४ नोव्हेंबर
हर्षदाने कानाच्या डॉक्टरकडे तीन नंबर लावले. दोन कळतात. तिसरा कोणाचा विचारलं. तिने सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.
हर्षदाच्या पप्पांना म्हटलं, लूम एवढे वाजत असताना गल्लीला ऐकू गेलंच कसं? ते कानाशी येऊन म्हणाले, कुठले लूम? शेठने दिवाळीनंतर खातं उघडलंच नाही. आपण गावाला होतो तेव्हाच लूम भंगारात गेले.
मला खोटं वाटलं. त्यांनी हाताला धरून मागच्या गल्लीत नेलं. शटर अर्धं वर. आत कोणी नाही. फरशीवर तेलाचे काळे डाग आणि बोल्ट काढलेली भोकं. कबुतरं.
मी मधोमध उभी राहिले. खटखट चालूच होती.
घरी येऊन ओट्यावर बसले. माइकवर बोट ठेवलं. हे काय वाजतंय, एवढंच विचारायचं होतं. गल्लीत सगळे ऐकायला टपलेले दिसले. बोट काढून घेतलं.
वर चावी आहे. नेदरलँडला पाच डिग्री. मागे लूम चालू आहेत.